स्पीकरमधली गुणगुण आणि कापलेली तिसरी पिन



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरच्या ऑडिओ सिस्टीमला येणारा 'हम्म' आवाज कसा शोधायचा ते बघितलं. बारा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून सविस्तर इथे लिहितोय. तुमच्यापैकी ज्यांना होम थिएटर बसवणं, स्पीकर-अँप्लिफायरची विक्री किंवा दुरुस्ती असा छोटा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्यांनी हे नीट वाचा. या धंद्यात कुठल्याही ब्रँडच्या सिस्टीमबरोबर येणारी तक्रार एकच असते: "दादा, गाणं थांबलं की स्पीकर गुणगुणतो." ती सोडवण्याचा सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक उपाय आधी मीच केलेला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझी तीनशे रुपयांची चूक

बीबीए झाल्यावर मी सांगलीत दुकान टाकलं. पहिलंच वर्ष होतं. मिरजेतल्या एका काकांकडे मेटल कॅबिनेटचा अँप्लिफायर होता आणि ते कॉम्प्युटरवरून जुनी नाट्यगीतं ऐकायचे. कॉम्प्युटरची वायर अँप्लिफायरला लावली की गुणगुण सुरू. मी अर्धा तास वायरी हलवून बघितल्या. शेवटी एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, अँप्लिफायरची अर्थ पिन काढून टाक, बघ लगेच गप्प होतो." मी पिन काढली. आवाज खरंच गेला. काका खूश. मी तीनशे रुपये घेतले, चहा घेतला आणि निघालो.

साधारण तीन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, काकांचा फोन आला. कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता. अँप्लिफायर मात्र तसाच चालू होता. आजींनी ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला आणि त्यांना जोरात झटका बसला. हात मागे फेकला गेला म्हणून वाचल्या. कॅबिनेट हातात घट्ट धरला गेला असता तर काय झालं असतं, हे आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी गेलो. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन दमटपणाने खराब होऊन कॅबिनेटमध्ये करंट उतरला होता. काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तू त्या दिवशी नक्की काय केलं होतंस रे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी काय केलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढचं सगळं.

तिसरी पिन नेमकं काय करते?

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा येतो. फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. सगळं ठीक असताना अर्थच्या वायरमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. ती फक्त वाट बघत बसलेली असते.

ज्या दिवशी आतली फेजची वायर सुटते किंवा इन्सुलेशन जळतं आणि फेज धातूच्या कॅबिनेटला टेकते, त्या दिवशी अर्थचं काम सुरू होतं. कॅबिनेट अर्थला जोडलेला असेल तर करंटला कमी रोधाची वाट मिळते, तो मोठ्या प्रमाणात वाहतो आणि एमसीबी किंवा फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही. कॅबिनेट २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहतो आणि कुणीतरी हात लावायची वाट बघतो.

थ्री-पिन प्लग हातात घेऊन बघा. वरची अर्थ पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. कारण प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी.

आता माझ्या चुकीत काय घडलं ते समजून घ्या. पिन काढल्यावरही अँप्लिफायरला अर्थ मिळत होती, पण ती ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून, कॉम्प्युटरमार्फत. म्हणजे आजींचा जीव एका पातळ आरसीए वायरवर टांगला होता. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला, ती वायर निघाली आणि शेवटची अर्थही गेली. वायर जोडलेली असती तरी फार बरं नव्हतं. फॉल्टचा करंट त्या बारीक जाळीतून गेला असता, म्हणजे वायर जळण्याची आणि कॉम्प्युटर बिघडण्याची शक्यता.

शरीरासाठी किती करंट धोक्याचा? साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ३० मिलिअँपिअरच्या वर काही वेळ करंट वाहत राहिला तर हृदयाला धोका. ओल्या हाताचा रोध दीड हजार ओहम धरला तरी २३० भागिले १,५०० म्हणजे सुमारे १५० मिलिअँपिअर. आणि घरातला साधा एमसीबी ६ किंवा १६ अँपिअरचा असतो. माणूस मरायला लागणारा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो सप्लाय तोडतो.

मग गुणगुण येते कुठून?

तुम्ही म्हणाल, अर्थ एवढी चांगली असेल तर ती काढल्यावर आवाज का जातो? बरोबर प्रश्न आहे.

समजा अँप्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला आहे आणि कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवरच्या. दोघांनाही अर्थ आहे. आता दोघांमध्ये ऑडिओ वायर लावली. तिची बाहेरची जाळीसुद्धा दोघांच्या कॅबिनेटला जोडलेली असते. झाली की नाही एक गोल वाट? अँप्लिफायर, भिंतीतली अर्थ, कॉम्प्युटर, ऑडिओ वायरची जाळी आणि परत अँप्लिफायर. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोन सॉकेटच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. त्या फरकामुळे या गोलात ५० हर्ट्झचा बारीक करंट फिरतो आणि जाळीवर तयार झालेला व्होल्टेज गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळतो. घरगुती उपकरणांचा लाईन सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा असतो. त्यात ३ मिलिव्होल्ट मिसळले म्हणजे शंभरावा भाग. गाणं जोरात असताना कळत नाही, पण रात्री तानपुरा लावून बसलेल्या माणसाला तो लगेच टोचतो. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात तर गिऱ्हाइकाचा कान तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असतो, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, दोष अर्थचा नाही, अर्थच्या दोन वाटांचा आहे. आपल्याला अर्थ ठेवून गोल तोडायचा आहे.

तपासणीचा क्रम

घाई करून वायरी बदलत बसू नका. मी आता नेहमी याच क्रमाने जातो.

१. आधी कान लावा. गुणगुण स्पीकरमधून येते की अँप्लिफायरच्या डब्यातून? डबाच थरथरत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज आहे, त्याचा लूपशी संबंध नाही.

२. व्हॉल्यूम फिरवा. गुणगुण व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून, बहुतेक वेळा बाहेरून जोडलेल्या वायरमधून येते. बदलतच नसेल तर अँप्लिफायरच्या आत शंका घ्या, जसं की पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत.

३. सगळ्या इनपुट वायरी काढा. आवाज गेला? मग एकेक परत लावा. जी लावल्यावर आवाज येईल, ती वाट गुन्हेगार. केबल टीव्हीची जाड गोल वायर विसरू नका. तिची जाळी बाहेर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असू शकते आणि सेट-टॉप बॉक्समधून ती थेट तुमच्या सिस्टीममध्ये शिरते.

४. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जरची वाट सापडली.

५. आवाज 'हम्म' ऐवजी 'चर्रर्र' असा कर्कश असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, हलका एलईडी दिवा असं एकेक बंद करून बघा. हा लूप नसून शेजारचा गोंगाट असतो.

६. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची वेगळी बारीक अर्थ वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावली आहे का बघा. त्याच्या पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. ती वायर सुटली तर गुणगुण गाण्याला खाऊन टाकते.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

एकच बोर्ड. सिस्टीमची सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थची वाट छोटी झाली की फरकही जवळजवळ संपतो. बऱ्याच घरांत काम इथेच होतं. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. घरगुती सिस्टीम सहसा त्याच्या आत बसते, पण इस्त्री किंवा हीटर त्या बोर्डावर लावू देऊ नका.

आणि बोर्ड उघडून बघा! बाजारात असे बोर्ड मिळतात ज्यांना वरून तीन भोकं असतात, पण आत वायर दोनच. तिसरं भोक निव्वळ शोभेचं. तीन तारांची केबल असेल तोच बोर्ड विका.

वायरी वेगळ्या करा. पॉवरच्या आणि ऑडिओच्या वायरी एकत्र बांधू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. जास्तीची वायर गुंडाळून ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवू नका. खर्च शून्य.

प्रकाशाची वायर. टीव्ही आणि अँप्लिफायर दोघांना ऑप्टिकल पोर्ट असेल तर ती केबल वापरा. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. गोल आपोआप तुटतो. ब्लूटूथनेही हेच होतं.

आयसोलेटर. ऑडिओ वायरमध्ये बसणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, धातूची जोडणी राहत नाही. फार स्वस्त घेतला तर खालचा बेस कमी होतो, म्हणून गिऱ्हाइकाला आधी ऐकवा, मग विका. केबल टीव्हीच्या वायरसाठी वेगळा आयसोलेटर येतो.

बॅलन्स्ड जोडणी. मिक्सर आणि पॉवर्ड स्पीकर असेल तर तीन तारांची बॅलन्स्ड केबल वापरा. गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि पुढे वजा होतो. डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं. ते फक्त सिग्नलची जाळी तोडतं, विजेची अर्थ नाही. म्हणून ते सुरक्षित आहे आणि पिन कापणं नाही. हा फरक पाठ करा.

हे चार उद्योग कधीच नाही

पिन कापणं किंवा टेप लावणं. थ्री-पिनचा टू-पिन करणारा कन्व्हर्टर लावणं म्हणजेसुद्धा तेच. काही उपकरणं मुळात टू-पिनच येतात. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं, कंपनीने तसंच बनवलेलं असतं. अशा डब्याला कधी कधी हलक्या मुंग्या येतात, कारण आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट झिरपतो. पण ज्याला तीन पिना दिल्यात, त्याला तीनच हव्यात.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणं. जुन्या घरांत अर्थची वायरच नसते, मग कुणीतरी न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या भोकात देतो. मीटरवर सगळं छान दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या उपकरणांमधून फेज फिरून सगळ्या कॅबिनेटवर येईल.

ऑडिओसाठी वेगळी अर्थ. अंगणात एक सळई ठोकून फक्त अँप्लिफायर तिला जोडायचा, असा सल्ला खूप जण देतात. समजा त्या सळईचा रोध २० ओहम आहे. फॉल्ट झाला तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच उडणार नाही. वर दोन अर्थमधला फरक वाढून गुणगुणही वाढते. जास्तीचा इलेक्ट्रोड घालायचाच असेल तर तो घराच्या मुख्य अर्थला जोडलेला हवा आणि ते काम वायरमनचं.

नळाला वायर बांधणं. हल्ली पाइप प्लास्टिकचे असतात, अर्थ मिळत नाही. लोखंडी असेल तर तुमचा फॉल्ट बाथरूममध्ये पोचतो.

घराची अर्थ आहे की नाही?

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच कमी आलं किंवा न्यूट्रल-अर्थ दहा-वीस व्होल्ट आलं तर अर्थ संशयास्पद. घरात गीझर चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं तर मागे तो जोडलेला तुकडा असू शकतो.

पण एक लक्षात घ्या. मल्टिमीटर 'वायर जोडलेली आहे' एवढंच सांगतो. ती फॉल्टचा करंट पेलेल का, हे सांगत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. म्हणूनच जुन्या लोकांनी कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी ओतायची सवय लावली होती. आपल्या देशात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. परवानाधारक काँट्रॅक्टरला ते विचारा. त्याचं उत्तर ऐकूनच माणूस कळतो.

आता धंद्याचं बोलू

हे ज्ञान फुकट वाटायचं नाही, विकायचं आहे. मी काय करतो ते सांगतो.

तपासणीची व्हिजिट फी वेगळी घेतो, वस्तूची किंमत वेगळी. दोन्ही एकत्र केलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा वस्तू खपवायला आलाय. बहुतेक वेळा बोर्ड बदलूनच काम होतं. तेव्हा मी पाचशे फी आणि बोर्डाचे पैसे घेऊन निघतो, महागडा आयसोलेटर गळ्यात मारत नाही. तोच माणूस पुढच्या दिवाळीला सबवूफर घ्यायला माझ्याकडे येतो.

किट साधं ठेवा: मल्टिमीटर, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, तीन तारांचा बोर्ड, एक ऑप्टिकल केबल, एक आयसोलेटर, टॉर्च. सॉकेट टेस्टर पहिल्या नजरेसाठी चांगला, पण न्यूट्रल-अर्थची अदलाबदल त्याला कळत नाही.

डीबीला हात लावू नका. मी एका परवानाधारक काँट्रॅक्टरशी जोडून घेतलंय. अर्थिंग आणि आरसीसीबीचं काम तो करतो, पैसे तो थेट घेतो. मला कमिशन नको, तो मला गिऱ्हाईक पाठवतो तेवढं पुरे.

ज्या घरात अर्थ नाही, तिथे मी थ्री-पिन सिस्टीम बसवत नाही. बिलावर लिहून देतो: 'सॉकेटला अर्थ मिळाली नाही, आधी अर्थिंग करून घ्यावे.' काही गिऱ्हाइकं चिडतात. "समोरचा दुकानदार तर लगेच लावून देतो," म्हणतात. जाऊ द्या. मागच्या वर्षी अशी दोन कामं गेली. त्यातला एक दीड महिन्याने परत आला, अर्थिंग करून.

आणि मिरजेचे काका? मी त्यांच्या अँप्लिफायरला नवा थ्री-पिन प्लग लावला, ट्रान्सफॉर्मर बदलला, कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. गुणगुण गेली. जो उपाय त्या पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झाला असता, तोच. पैसे घेतले नाहीत. आजींनी चहा दिला, पण तो अँप्लिफायर त्यांनी पुन्हा कधी पुसला नाही. अजूनही काकाच पुसतात, प्लग काढून.

या आठवड्याचा गृहपाठ

दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी स्वतःच्या घरातली सगळी थ्री-पिन सॉकेट्स मोजा. तीन मापं वहीत लिहा. डीबीमध्ये आरसीसीबी आहे का बघा. असेल तर त्याचं 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का ते तपासा, आणि दर महिन्याला तपासत जा. मापं घेताना कोरडे हात, पायात चप्पल, आणि मीटरच्या वायरी फुटलेल्या नाहीत ना, हे आधी बघा. भीती वाटत असेल तर वायरमनला शेजारी उभं करा, त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या भागात याच कामाचं कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत, गुणगुण कुणाचीही घालवा, पिन कुणाचीही कापू नका.